मागच्या भिंतीजवळची लिली

“इथली लिली कुठे गेली?” म्हातारीने विचारलं, तेव्हा मी ग्रासकटरची तुटलेली वायर बदलत होते आणि डोक्यात दुसऱ्या दिवशीचं अंधेरीचं काम घोळत होतं. मान वर न करताच मी म्हटलं, “कुठली लिली, आजी?”

मग वर पाहिलं. लुगडं नेसलेली, पाठीत जराशी वाकलेली बाई होती. हातात पाण्याने भरलेला प्लास्टिकचा डबा. ती माझ्याकडे बघतच नव्हती. समोरच्या जमिनीकडे बघत होती. आदल्या दिवसापर्यंत तिथे कमरेएवढं गवत होतं. आता आम्ही ते कापून, वरचा थर फावड्याने खरवडून, जमीन अगदी सपाट केली होती. मला त्या कामाचा अभिमानच वाटत होता.

मी बोरिवलीला राहते आणि गार्डन मेंटेनन्सची छोटी कॉन्ट्रॅक्ट्स घेते. सोसायट्या, ऑफिसं, एखादी शाळा. त्या वर्षी पहिल्यांदाच गोराईच्या बाजूच्या एका गावातून काम आलं. चर्चची सिमेट्री साफ करायची होती. नोव्हेंबरच्या दोन तारखेला ख्रिश्चन लोक आपल्या मृतांची आठवण करतात. कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. त्याच्या आत सगळं स्वच्छ हवं होतं.

आमच्या धंद्यात ऑक्टोबर हा सगळ्यात धावपळीचा महिना. लोकांना वाटतं, पावसाळा संपला म्हणजे बागेचं काम संपलं. खरं तर तेव्हाच ते सुरू होतं. पावसात जे काही माजलेलं असतं ते उपटायचं असतं, आणि त्याला अवधी अगदी थोडा मिळतो. लवकर कापलं तर शेवटच्या सरींवर पुन्हा उगवतं. उशीर केला तर टाकळा, आघाडा यांचं बी खाली सांडतं आणि पुढच्या वर्षी दुप्पट येतं. शिवाय तोवर माती उन्हाने कडक होते, मग झाड मुळासकट निघत नाही, नुसता शेंडा हातात येतो. याच दिवसांत गुलाबाची छाटणी, कुंड्यांची माती बदलणं, भिंतींच्या फटीत रुजलेले पिंपळ काढणं, झेंडूची रोपं लावणं, सगळं एकदम येतं. मी त्या महिन्यात घरी फक्त झोपायला असते.

सिमेट्रीचं काम मला एडविनने दिलं होतं. तो चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. नोकरी अंधेरीच्या एका ऑफिसात, राहायला गावातच. पन्नाशीच्या आतला, भराभर बोलणारा, कामाचा माणूस. त्याने मला सगळीकडे फिरवून दाखवलं होतं. पुढे संगमरवरी आणि सिमेंटच्या पक्क्या कबरी, त्यांच्यावर नावं. तिथे मशीन चालवायचं नाही, हाताने साफ करायचं. मागच्या भिंतीजवळ एक पट्टा होता. तिथे आता कोणाला पुरत नाहीत, सगळं जंगल झालंय, ते फ्लॅट करा, असं तो म्हणाला. त्यावर लाल माती टाकून पेव्हर ब्लॉकची वाट करायची होती, म्हणजे वयस्कर माणसांना मागच्या गेटने आत येता येईल.

आम्ही सांगितलं तसंच केलं होतं.

म्हातारीचं नाव मर्सी. गावात सगळे मर्सीबाय म्हणायचे. तिची बोली गोड होती, पण ती मला नीट लिहिता येणार नाही, म्हणून तिचं बोलणं माझ्या मराठीत सांगते. तिची मोठी बहीण लुसी त्या पट्ट्यात होती. लाकडी क्रॉस होता, तो केव्हाच कुजून गेला. क्रॉसच्या पायाशी मर्सीबायने लिली लावली होती. ती लिली हीच तिच्या बहिणीची खूण.

लिली म्हणजे हारवाले वापरतात ती, लांब पांढऱ्या कळ्यांची. त्या पट्ट्यात, त्या गवतात, फुलं नसताना तिची लांबट पानं मशीन चालवणाऱ्या आमच्या बबनला गवतच वाटली असणार. मला तरी वेगळी दिसली असती का, सांगता येत नाही.

मी हातातली वायर खाली ठेवली. मी तिला म्हटलं, “आजी, जागा दाखवा. आम्ही तिथे खूण करतो.”

ती पुढे गेली. तिथल्या तोडलेल्या जांभळाच्या खुंटाजवळ उभी राहिली. मग दोन पावलं भिंतीकडे सरकली. मग परत आली. असं बराच वेळ चाललं. शेवटी ती खुंटावर बसली आणि म्हणाली, “मी लिली बघून यायची गं. जागा कधी बघितलीच नाही.”

तिने आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं. सोसायट्यांमध्ये मला त्याची सवय आहे. कोणाची तुळस वाळली तरी लोक पार कमिटीपर्यंत जातात. ही बाई नुसती बसून राहिली. मग डब्यातलं पाणी तिने हळूच तिथेच जमिनीवर ओतलं आणि मला विचारलं, चहा घेणार का.

संध्याकाळी एडविन ऑफिसातून आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला वाईट वाटलं, पण त्याच्यासमोर तारीख होती. लाल मातीचा ट्रक ठरला होता, पेव्हरवाला यायचा होता, गावातल्या घराघरातून त्यासाठी मदत गोळा झाली होती. त्याने एक मार्ग सुचवला. मर्सीबाय साधारण दाखवेल तिथे आपण नवा सिमेंटचा क्रॉस बसवू, लुसीचं नाव घालू. लाकडी क्रॉस तसाही राहिला नव्हता, हा पक्का होईल. कोणाला काय कळणार आहे?

मला ते पटलं होतं, हे सांगायला हवं. आमच्यात अस्थी पाण्यात सोडल्या की जागा अशी काही उरत नाही. माझे वडील गेले तेव्हा आम्ही किनाऱ्यावरून रिकाम्या हाताने परत आलो. त्यामुळे हातभर इकडे की हातभर तिकडे, याने काय फरक पडतो, असंच मला वाटलं. शिवाय माझं कामही वेळेत संपलं असतं.

आम्ही दोघं मर्सीबायच्या घरी गेलो. एडविनने तिला समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

“नको रे बाबा,” ती म्हणाली. “चुकीच्या जागी मेणबत्ती लावली तर लुसी काही बोलणार नाही. पण मला माहीत असेल ना.”

मग तिने लुसीबद्दल सांगितलं. आई लवकर गेली तेव्हा मर्सी रांगत होती. लुसीने तिला वाढवलं. घराची थोडी वाडी होती, तिच्यात लिली लावलेली. लिलीच्या कळ्या उमलायच्या आत तोडाव्या लागतात, उमलल्या की हाराला चालत नाहीत. लुसी दुपार कलल्यावर कळ्या तोडायची, जुड्या बांधून केळीच्या पानात गुंडाळायची, आणि सकाळच्या पहिल्या लाँचने खाडी ओलांडून बोरिवलीच्या बाजारात न्यायची. तिने स्वतः लग्न केलं नाही. मर्सीचं लग्न लावून दिलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तापाने गेली. दगडी कबर बांधायची ऐपत नव्हती, म्हणून मर्सीने वाडीतलेच लिलीचे कांदे नेऊन तिथे लावले. पुढे वाडी विकली गेली. आता तिथे लोक सुट्टीला राहायला येतात. त्या वाडीची लिली म्हणून जी काही उरली होती, ती एवढीच.

कांदे हा शब्द ऐकला आणि मी सावरून बसले.

लिली बीवर येत नाही, कांद्यावर येते. तिचा कांदा जमिनीत चांगला खोल असतो. पानं कापली, वरची माती खरवडली, तरी कांदा खाली जिवंत राहू शकतो. सगळी पुंजी त्याच्यात असते. ऊन आणि पाणी मिळालं की तो पुन्हा पान वर काढतो. ऑक्टोबरचं ऊन होतंच. पाऊस मात्र गेला होता. पाणी आम्ही द्यायचं, एवढंच.

मी एडविनला म्हटलं, मागच्या पट्ट्यावर माती टाकू नका. थोडे दिवस थांबा. पानं आली तर जागा कळेल. लाल मातीचा जाड थर आणि वर ब्लॉक पडले तर मात्र काहीच वर येणार नाही.

“आणि नाही आलं तर?” त्याने विचारलं.

“मग तुम्ही म्हणाल तसं.”

त्याने फोनमध्ये तारखा बघितल्या. मग म्हणाला, ट्रकवाल्याला मी सांगतो, पण दोन तारखेच्या आधीच्या रविवारपर्यंतच. त्याच्यापुढे मला जमणार नाही. कमिटीला काय सांगायचं, ते तो बघून घेणार होता. त्याने ते कसं बघितलं, मला माहीत नाही. मला एकाही माणसाचा फोन आला नाही, म्हणजे सगळं त्याने स्वतःवर घेतलं असणार.

बबन माझ्याकडे बरीच वर्षं आहे. कणकवलीकडचा, कमी बोलणारा. लिली त्याच्याच मशीनखाली गेली होती, ते त्याच्या मनाला फार लागलं. दुसऱ्या दिवशी तो खुरपं घेऊन आला आणि म्हणाला, “मॅडम, माका वाटता, हळूहळू उकरून बघूया. कांदो गावतलो.”

मी नको म्हटलं. त्या पट्ट्यात कोण कुठे आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं. तिथे उकरत बसणं बरं दिसलं नसतं. आणि खुरप्याचा एक घाव कांद्याला बसला की तो सडतो. म्हणजे राहिलेली आशाही गेली. सगळ्या पट्ट्याला फक्त पाणी घालायचं, असं ठरलं.

ते दिसायला सोपं काम होतं. चर्चचा नळ पुढे होता आणि पाइप मागच्या भिंतीपर्यंत पोहोचत नव्हता. पहिले दोन-तीन दिवस बबनने कॅन भरून नेले. माझ्या बाकीच्या साइट्स सोडून मी त्याला रोज सकाळी लाँचने पाठवत होते आणि अंधेरीला माझी माणसं कमी पडत होती. भिंतीपलीकडे एका वाडीवाल्याची विहीर होती. त्याने बबनला कॅन वाहताना बघितलं आणि काही न विचारता पंपाला पाइप लावून भिंतीवरून आत टाकून दिला. त्या माणसाला मी नंतर एकदाच भेटले. आभार मानले तर तो म्हणाला, पाणी काय, विहिरीतच होतं.

मर्सीबाय रोज यायची. जांभळाच्या खुंटावर बसायची. बबनसाठी तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी आणायची. ज्या माणसाने लिली कापली, त्यालाच ती वाढत होती. बबनने मला हे सांगितलं तेव्हा तो जरा चाचरला. दोष कोणाचा, हा विषय त्या सगळ्या दिवसांत एकदाही कोणी काढला नाही. ना तिने, ना एडविनने. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला असं फार थोड्या वेळा मिळालंय.

दरम्यान गवत वर यायला लागलं. ओल मिळाली की सगळ्यात आधी तेच येतं. एका सकाळी बबनचा फोन आला की कोंब दिसतोय. मी अंधेरीचं काम टाकून निघाले. जेट्टी गाठली, लाँच पकडली, धावत आत गेले. मर्सीबायने चष्मा वर केला, वाकून बघितलं आणि म्हणाली, हा लव्हाळा आहे. लव्हाळा म्हणजे आम्हा माळ्यांचा जुना दुश्मन, कितीही उपटा, परत येतो. मीही ओळखायला हवा होता. पण त्या दिवशी मलाही तो लिलीच वाटला. आम्ही तिघं हसलो, आणि मला एकदम थकल्यासारखं झालं.

पुढचे काही दिवस काहीच नाही. मी मनातून सिमेंटच्या क्रॉसची तयारी करायला लागले होते. पुढच्या कबरींभोवती झेंडूची रोपं लावून झाली, गेटवरची बोगनवेल छाटली, क्रॉसच्या फटीतले पिंपळ मुळासकट काढले. मागचा पट्टा तेवढा राहिला. एकदा बबन म्हणाला, सकाळी यावं तर जमीन आधीच ओली असते, रात्री पाऊस तर पडत नाही. वाडीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, एडविन संध्याकाळी ऑफिसातून येतो, बूट काढतो आणि पँट दुमडून पाइप धरून उभा राहतो. एडविन मला रोज फोन करून विचारायचा, काही आलं का. स्वतः पाणी घालतो, हे त्याने कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ठरलेल्या रविवारच्या आदल्या दिवशी मी सकाळीच गेले. एडविनला सुट्टी होती, तोही आला. म्हटलं, एकदा सगळ्यांनी मिळून बघू आणि मग ट्रकवाल्याला हो म्हणू. आम्ही जांभळाच्या खुंटाभोवती, मर्सीबायने दाखवलेल्या जागेभोवती, अक्षरशः गुडघ्यांवर बसून शोधलं. गवत, लव्हाळा, टाकळ्याची पोरं. लिली नाही.

बबन पाइप गुंडाळायला भिंतीकडे गेला होता. तिथून त्याने मला हाक मारली. आवाज अगदी साधा होता, त्यामुळे मी सावकाश गेले.

भिंतीपासून हातभर अंतरावर, खुंटापासून चांगलंच लांब, जमीन थोडी फुगून तडकली होती. तडकलेल्या मातीतून जाड, फिकट हिरव्या पात्या वर आल्या होत्या, दोन-दोनच्या जोडीने. करंगळीएवढ्या. गवताची पाती पातळ असते आणि लव्हाळ्याची दांडी तीन कोनांची. ही पाती बोटाने दाबली तर मांसल लागते. मी दाबून बघितली. मग शेजारची बघितली. एकाला लागून एक, बऱ्याच होत्या. इतक्या वर्षांत त्या कांद्यांचे आणखी कितीतरी झाले असणार.

मर्सीबायला कोणी बोलवायला गेलं नाही. ती तिच्या वेळेला आलीच. एडविनने तिचा हात धरून तिला भिंतीजवळ आणलं. तिने बराच वेळ बघितलं. मग खुंटाकडे बघितलं, परत इकडे बघितलं. आम्ही जर ती म्हणाली तिथे क्रॉस बसवला असता, तर तो कोणातरी दुसऱ्याच्या उशाशी उभा राहिला असता, आणि लुसीवरून पेव्हर ब्लॉकची वाट गेली असती.

ती खाली बसली. तिला बसायला त्रास होत होता, पण आम्ही धरायला गेलो तर तिने हाताने थांबवलं. पात्यांवरची माती पदराने पुसली. मग एवढंच म्हणाली, “इथे होय गं तू.”

बबन तिथून निघून पंपाकडे गेला. एडविन फोन काढून उगाचच काहीतरी बघत राहिला. मी पाइपचं राहिलेलं वेटोळं पूर्ण केलं. आम्ही तिघंही तिथे कामाची माणसं होतो, आणि कोणालाच काही काम सुचत नव्हतं.

थोड्या वेळाने एडविनने पेव्हरवाल्याला फोन लावला आणि सांगितलं की वाट सरळ न्यायची नाही, भिंतीजवळ वळवायची. पेव्हरवाला बहुतेक कुरकुरला. एडविन म्हणाला, वळव म्हटलं ना. लाल माती फक्त वाटेपुरती टाकली. लिलीभोवती बबनने वाडीवाल्याकडचे जांभे दगड आणून चौकोन केला. तो त्याने कामाच्या वेळेत केला नाही, रविवारी स्वतःहून येऊन केला. क्रॉस मर्सीबायने लाकडाचाच सांगितला.

दोन तारखेला मी आणि बबन दोघंही गेलो. फुलं अर्थातच आली नव्हती, इतक्या लवकर येणारही नव्हती. नुसती पानं होती, वीतभर. मर्सीबायने त्यांच्याशेजारी मेणबत्ती लावली. मग एक माझ्या हातात दिली आणि म्हणाली, तुझं जे कोणी असेल त्याच्यासाठी लाव. मी विचारलं, इथे चालेल का? ती म्हणाली, जागा भरपूर आहे. मी वडिलांसाठी लावली. खाडीवरचा वारा होता, दोनदा विझली. तिसऱ्यांदा एडविनने हाताचा आडोसा धरला.

सिमेट्रीचं काम तेव्हापासून आमच्याकडेच आहे. ते टिकलं यात माझ्या कौशल्याचा वाटा थोडा. कांदा मजबूत होता, विहिरीला पाणी होतं, आणि ज्यांना चिडायचा हक्क होता ती माणसं चिडली नाहीत. यातली एक गोष्ट जरी कमी पडली असती तरी त्या गावात मला पुन्हा कोणी बोलावलं नसतं. मी हे विसरत नाही.

एक बदल मात्र मी धंद्यात केला. आता ऑक्टोबरच्या कामाचा पहिला दिवस नुसता फिरण्याचा असतो. जागा कुठलीही असो, तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला बरोबर घ्यायचं, सगळीकडे चालायचं, आणि तो जिथे जिथे थांबेल तिथे काठी रोवायची. मशीन त्या दिवशी टेम्पोतून खालीही उतरवायचं नाही. मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरीने यावर मला विचारलं, मॅडम, नुसतं फिरायला अख्खा दिवस कशाला?

मी म्हटलं, मशीन काय, उद्याही चालवता येईल.